विचारा की! : टेटेक कुठं गेलं, आणि त्या सीडीचं आता काय करायचं

ह्या महिन्यात चारच पत्रं घेतलीत. पहिल्या पत्राचं उत्तर लिहायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटीसारखं वाढतच गेलं, त्यामुळे बाकीच्यांचं थोडक्यात आटपलंय, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार सर. मी गणिताचा निवृत्त शिक्षक. २००३ साली रात्री जागून दहावीच्या पोरांसाठी भूमितीच्या नोट्स मराठीतून तयार केल्या होत्या. भाच्यानं घरच्या कॉम्प्युटरवर रेड हॅट लिनक्स (विंडोजसारखीच पण फुकट सिस्टीम) घालून दिलं होतं, त्यात टेटेक होतं. मराठी इंग्रजी अक्षरांत टाईप करायचं आणि मग प्रोग्रॅम त्याची देवनागरी करायचा. १४० पानं झाली होती. आता नात दहावीला आली म्हणून कपाटातली सीडी काढली, आणि नवल म्हणजे ती चालली! पण नव्या लॅपटॉपवर उबुंटू (तेही लिनक्सच) आहे, त्यात टेटेक शोधलं तर मिळतच नाही. मुलगा म्हणतोय ते कधीचंच बंद पडलंय. मग माझी १४० पानं पण गेली काय वो? परत सगळं टाईप करायचं वय राहिलेलं नाही.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : सर, आधी चहा घ्या, तुमची पानं कुठं जात नाहीत. मुलगा खरं सांगतोय, टेटेक बंद झालंय, २००६ च्या मे महिन्यात झालंय, पण तुमची पानं टेटेकची नव्हतीच कधी. ती टेक ह्या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमची आहेत. आणि ह्या दोन नावांचा गोंधळ तुमचा एकट्याचा नाही, आमच्या पिढीत निम्म्या लोकांना टेटेक म्हणजेच टेक असंच वाटायचं.

टेक हा मूळ प्रोग्रॅम डोनाल्ड कनुथ ह्या अमेरिकन गणितज्ञ-प्राध्यापकाचा. १९७७ साली त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली, छपाईचे शिशाचे खिळे जाऊन फोटो टाईपसेटिंग आलेलं होतं आणि गणिताची पानं इतकी वाईट दिसत होती की त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून छपाईचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. थोड्या दिवसांचं काम वाटलं होतं, वर्षं गेली. त्याच्यावर लेस्ली लँपोर्ट ह्यांनी १९८० च्या दशकात लाटेक बसवलं, म्हणजे धडा, उपधडा, प्रमेय, अनुक्रमणिका असलं सगळं सोप्या आज्ञांनी व्हायला लागलं. तुम्ही वापरलंत ते बहुतेक लाटेकच.

आता हे सगळं फुकट होतं खरं, पण फुकट असणं आणि आपल्या मशिनवर चालणं ह्यात खानापूर ते दिल्लीएवढं अंतर. युनिक्सवर (लिनक्सच्याच घराण्यातली थोरली सिस्टीम) टेक चालवायचा म्हणजे मूळ प्रोग्रॅम पास्कल ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या एका प्रकारात लिहिलेला, तो आधी सी मध्ये बदलायचा, मग कंपाईल करायचा, फॉन्ट वेगळीकडून आणायचे, लाटेक वेगळीकडून, छापायला पोस्टस्क्रिप्ट म्हणजे प्रिंटरला कळणारी फाईल करणारा प्रोग्रॅम आणखी तिसरीकडून, आणि हे सगळं अशा फोल्डरांत ठेवायचं की एकाला दुसरं सापडलं पाहिजे. एक फाईल इकडची तिकडे झाली की संपलं. जर्मनीतल्या थॉमस एसर ह्यांनी १९९४ पासून हे सगळं गोळा करून, एकमेकांशी जुळतंय का बघून, एक आयता गठ्ठा करून द्यायला सुरुवात केली. त्यांच्या नावाची आद्याक्षरं टी आणि ई, म्हणून टे-टेक. बाजारहाट, निवडणं-टिपणं, शिजवणं सगळं ह्या माणसानं केलं आणि आपण नुसते ताटावर बसलो.

आणि बसलं कोण कोण? रेड हॅट, डेबियन, सुसे, सगळ्यांनी आपल्या लिनक्समध्ये टेटेकच घातलं. माझ्याकडं ते मासिकाबरोबर फुकट आलेल्या लिनक्सच्या सीडीतून आलं. टिळकवाडीतल्या मित्राच्या घरी रात्रभर इन्स्टॉल करत बसलो होतो, मध्ये लाईट गेली, परत पहिल्यापासून, पहाटे एकदाचं पहिलं पान स्क्रीनवर आलं तेव्हा त्या पानावर काय होतं ते आठवत नाही पण अक्षरांमधलं अंतर बघून मित्राच्या बाबांना उठवलं होतं एवढं आठवतंय. ते प्रेसवाले. चष्मा लावून बघितलं आणि "जुळारी चांगला हाय" एवढंच बोलून परत झोपले. खिळे जुळवणाऱ्याला आमच्याकडं जुळारी म्हणायचे, त्यांच्या तोंडून ह्यापेक्षा मोठी शाबासकी निघत नसायची.

टेटेकची १.० आवृत्ती १९९९ ला आली, २.० आली २००३ ला आणि ३.० २००५ च्या फेब्रुवारीत, तीच शेवटची. पुढच्या वर्षी एसर ह्यांनी जाहीर केलं की आपण आता नवीन आवृत्ती काढणार नाही, लोकांनी टेकलाईव्ह हा दुसरा गठ्ठा वापरावा. बारा वर्षं एका माणसानं हा रथ ओढला हे लक्षात घ्या, नाहीतर आपण लगेच "बंद पाडलं" म्हणून मोकळे होतो.

टेकलाईव्ह हे काही परकं नाही. ते १९९६ मध्ये सीडीवर सुरू झालं तेव्हा त्याचा युनिक्सचा भाग टेटेकवरच उभा केलेला होता. म्हणजे टेटेकचं पाणी आधीपासून त्या विहिरीत होतंच. टेकच्या वापरकर्त्यांच्या वेगवेगळ्या देशांतल्या संघटना मिळून ते चालवतात आणि दरवर्षी नवीन आवृत्ती काढतात, त्यामुळे एक माणूस थांबला तर गाडी थांबत नाही. लिनक्सवाले पण हळूहळू तिकडं वळले, फेडोरा ह्या लिनक्सनं २००८ मध्ये नवव्या आवृत्तीत टेटेक काढून टेकलाईव्ह घातलं. आपल्या रेड हॅटच्या मोठ्या सर्व्हरवाल्या लिनक्समध्ये, पाचव्या आवृत्तीत, मात्र टेटेक ३.० च होतं, त्यामुळे ऑफिसांतून, कॉलेजांतून ते बंद झाल्यावर सुद्धा बरीच वर्षं कुणाच्या लक्षात न येता चालत राहिलं.

तर तुमचं काम. उबुंटूवर टेकलाईव्ह घाला, टेटेक शोधूच नका. तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप केलंय म्हणता म्हणजे ती वेल्थुईस पद्धत असणार, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुईस ह्यांनी १९९१ ला केलेली. सीडीवर डॉट डीएन अशा शेपटीच्या फायली आहेत का बघा, आणि मजकुरात "ळ" च्या जागी कॅपिटल एल दिसतोय का बघा. दिसला तर शंभर टक्के तीच. ते वेल्थुईसचं पॅकेज (म्हणजे टेकला जोडायचं सामान) आजसुद्धा टेकलाईव्हमध्ये आहे, आणि डेव्हनॅग नावाचा तो छोटा प्रोग्रॅम पण आहे. आधी डीएन फाईलवर डेव्हनॅग चालवा, त्यातून टेक फाईल तयार होईल, मग तिच्यावर लाटेक. २००३ ला करत होता तसंच, फक्त मशीन नवीन.

अडेल कुठं ते सांगून ठेवतो. बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं, "फाईल सापडत नाही" असं म्हणून थांबेल. भाच्यानं तुमच्यासाठी पानांची मांडणी सांगणारी एखादी स्टाईल फाईल वेगळी केलेली असेल किंवा कुठून तरी आणून घातलेली असेल, आणि ती तुमच्या नोट्सच्या फोल्डरात नसून जुन्या कॉम्प्युटरच्या सिस्टीमच्या पोटात होती. सीडीवर ती घेतली असेल तर देव पावला. घेतली असेल तर तुमच्या घरच्या फोल्डरात टेक्सएमएफ नावाचा फोल्डर करा, त्यात टेक, त्याच्या आत लाटेक, आणि त्यात ती फाईल टाका. टेटेकच्या काळात सिस्टीममध्ये नवीन फाईल टाकली की टेक्सहॅश ही आज्ञा द्यावी लागायची, कारण टेक प्रत्येक वेळी सगळी डिस्क शोधत बसत नाही, एलएस-आर नावाच्या यादीत बघतो आणि यादीत नसलं तर समोर असूनही नाही म्हणतो, अगदी रेशन दुकानासारखं. घरच्या टेक्सएमएफ फोल्डरला ती यादी लागत नाही. फाईल सापडतेय का ते केपीएसईव्हिच ह्या आज्ञेनं विचारता येतं, ती सापडली तर पूर्ण पत्ता सांगते, नाही सापडली तर काहीच बोलत नाही.

दुसरं, आकृत्या. भूमितीचं पुस्तक म्हणजे पानोपानी त्रिकोण-वर्तुळं असणार. त्या पीएसट्रिक्स ह्या आकृत्यांच्या पॅकेजनं काढल्या असतील तर थेट पीडीएफ करायच्या भानगडीत पडू नका, जुन्या वाटेनंच जा, आधी डीव्हीआय (टेकची स्वतःची पानांची फाईल), त्यातून पोस्टस्क्रिप्ट, त्यातून पीडीएफ. नुसत्या ईपीएस (पोस्टस्क्रिप्टमधल्या चित्रांच्या) फायली असतील तर हल्ली पीडीएफलाटेक, म्हणजे थेट पीडीएफ करणारं लाटेक, त्या आपणच बदलून घेतो.

तिसरं म्हणजे फॉन्ट, आणि ही उलट चांगली बातमी आहे. तुमच्या वेळच्या पीडीएफमध्ये अक्षरं ठिपक्यांची असायची, स्क्रीनवर मोठी केली की कडा भाकरीसारख्या फाटायच्या. आता त्याच फॉन्टची गुळगुळीत रूपं पॅकेजबरोबरच येतात. नातीला मोबाईलवर सुद्धा नीट दिसेल.

एक गोष्ट मात्र राहून राहून सांगावीशी वाटते. तुमचा मजकूर वाचला कारण तो साधा टाईप केलेला मजकूर होता. त्याच काळात आमच्या इथल्या किती संस्थांच्या स्मरणिका, किती जणांचे प्रबंध त्या-त्या फॉन्टच्या कोडात अडकून पडलेत, फॉन्ट नसला की नुसती चिन्हं आणि खुणा दिसतात. तुमची फाईल कुठल्याही एडिटरमध्ये उघडा, वाचता येतेच.

आणि हौस असेल तर पुढची पायरी, ती युनिकोडची, म्हणजे हल्ली सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या कोडाची. वेल्थुईसमधला मजकूर अक्षरमुख नावाच्या लिपी बदलणाऱ्या फुकट साधनात घालून युनिकोड देवनागरी करता येते. फक्त शब्दाच्या शेवटचा "अ" तुम्ही टाईप केला नसेल तर "त्रिकोण्", "कर्ण्" असे पाय मोडलेले शब्द निघतील, ते नंतर शोधून बदलावे लागतील. आणि गणिताची सूत्रं त्यात घालू नका हं, नाहीतर पायथागोरसची पण देवनागरी होऊन बसेल. आधी पुस्तक जसं आहे तसं छापून घ्या, नातीची परीक्षा युनिकोडसाठी थांबणार नाही.

प्रश्न : सर मी निपाणीचा, इंजिनिअरिंगला बेळगावात आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट लाटेकमध्ये करा म्हणून मॅडमनी सांगितलंय. टेकलाईव्ह डाऊनलोड करायला गेलो तर कित्येक जीबी दाखवायलंय, हॉस्टेलचं नेट असं की येतंय कमी आणि जातंय जास्त. जुनं टेटेक लहान होतं म्हणतात, ते मिळेल का कुठं?

उत्तर : मिळालं तरी घेऊ नकोस बाबा. २००५ चं ते, तुझ्या रिपोर्टला लागणारी निम्मी पॅकेजं त्याच्यानंतर जन्मलीत. ते लहान होतं हे खरं, पण तेव्हा जगच लहान होतं.

टेकलाईव्ह पूर्ण घेतलं तर डिस्कवर सात-आठ जीबी जातात, पण पूर्ण घ्यायला कुणी सांगितलंय? त्याच्या इन्स्टॉलरमध्ये स्कीम म्हणून निवड असते, बेसिक, स्मॉल, मीडियम आणि फुल, काही बदललं नाही तर फुल. स्मॉल निवड, आणि त्याच पडद्यावर माहितीपुस्तिका आणि मूळ सोर्स नको असं सांगायची सोय आहे, त्यानंच जवळपास निम्मी जागा वाचते. मग एखादं पॅकेज कमी पडलं तर टीएलमॅनेजर (टाईप करताना टीएलएमजीआर) ह्या आज्ञेनं तेवढंच एक मागवायचं. टेटेकमध्ये ही सोय नव्हती बरं का, तिथं जे ताटात वाढलंय ते, नाहीतर स्वतः शोधून घाल. अजून लहान पाहिजे तर टायनीटेक म्हणून आहे, ते ह्याच टेकलाईव्हचं सुटसुटीत रूप.

उबुंटू वापरत असशील तर एकच वाट धर. एकतर उबुंटूच्या दुकानातलं टेकलाईव्ह, नाहीतर टेकलाईव्हचा स्वतःचा इन्स्टॉलर. दोन्ही घातलंस की कोणतं चालतंय तेच कळत नाही, आणि रिपोर्टच्या आदल्या रात्री कळतं. आणि सबमिशनच्या महिन्यात नवीन वर्षाचं टेकलाईव्ह आलं म्हणून लगेच बदलायला जाऊ नकोस. जुन्या वर्षाचा टीएलमॅनेजर नव्या वर्षाचं पॅकेज घेतच नाही, तो सरळ नाही म्हणून बसतो. जुन्या वर्षांचं सगळं टेकलाईव्ह जपून ठेवलेलं आहे, तिकडं बोट दाखवलं की काम होतं.

ओव्हरलीफ ह्या लाटेकच्या वेबसाईटवर ब्राउझरमध्येच करता येतं, मित्रमंडळींना एकत्र लिहायला ते बरं पडतं, पण तुझ्या नेटची कहाणी ऐकून तुला ते सांगवत नाही.

प्रश्न : टेक म्हणायचं की टेक्स? आमच्याकडं पैज लागलीय, हरणाऱ्यानं कुंदा द्यायचा आहे. — अनगोळहून तिघं

उत्तर : टेक्स म्हणणारा हरला. शेवटचं अक्षर इंग्रजी एक्स नव्हे, "काय" नावाचं ग्रीक अक्षर आहे, "तंत्र-कला" असा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दातलं. कनुथ ह्यांनी स्वतः सांगून ठेवलंय की ते घशातून निघालं पाहिजे, कॉम्प्युटरचा पडदा जरासा ओलसर झाला पाहिजे. म्हणजे आपल्या "ख" च्या जवळ जाणारं, "टेख" म्हणायला हरकत नाही. आणि आवृत्तीचा नंबर पण गंमतीचा आहे, दर दुरुस्तीला "पाय" चा एक-एक आकडा पुढं जातो, २०२१ च्या दुरुस्तीला ३.१४१५९२६५३ झालाय. दुरुस्त्याच फक्त, नवीन काही घालायचं त्यांनी १९९० मध्येच बंद केलंय. तिघांत जिंकलेल्यानं कुंदा एकट्यानं खाऊ नये, थोडा इकडं पाठवावा.

प्रश्न : नमस्कार. माझं शहापुरात छोटं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वर्गणीच्या पावत्या, संस्थांचे अहवाल, सगळं श्रीलिपीच्या फॉन्टात आणि पेजमेकर ह्या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर. आता एका संस्थेचा अहवाल मराठी-कन्नड दोन्हीत समोरासमोर करायचाय, दर वेळी मजकूर बदलला की पानं सगळी हलतात आणि कन्नडच्या ओळी तुटतात. लाटेकमध्ये हे जमेल का? टेटेकमध्ये पूर्वी एकानं प्रयत्न केला होता, त्याला जमलं नव्हतं. — एक वाचक ताई

उत्तर : ताई, लग्नपत्रिका तिथंच ठेवा. गणपती वरती मध्ये, डावीकडं मामाची नावं तिरकी, खाली "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" फुलांच्या चौकटीत, असलं काम डोळ्यांनी सरकवून करायचं असतं, लाटेकमध्ये एका पत्रिकेला तीन दिवस जातील आणि नवरदेवाकडचे तेवढ्यात आणखी चार नावं वाढवतील.

अहवाल मात्र जमेल, आणि चांगला जमेल. टेटेकमध्ये जमला नाही ह्याचं कारण वेगळं. त्या काळचं टेक युनिकोड ओळखत नव्हतं, देवनागरीला वेगळा प्रोग्रॅम आधी चालवायचा, कन्नडला आणखी वेगळा, दोन्ही एका फाईलमध्ये म्हणजे डोक्याचं दही. २००४ मध्ये जोनाथन क्यू ह्यांनी झीटेक केलं, आधी फक्त मॅकवर, २००६ ला लिनक्सवर आलं. नेमकं टेटेक थांबलं त्याच वर्षी. झीटेकमध्ये युनिकोड मजकूर थेट लिहायचा आणि कॉम्प्युटरवर असलेला कुठलाही ओपनटाईप (हल्लीच्या पद्धतीचा) फॉन्ट वापरायचा, मराठीला एक, कन्नडला एक. पॉलिग्लॉसिया नावाच्या पॅकेजला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा माहीत आहेत, आणि दोन्हींचे शब्द ओळीच्या शेवटी कुठं तोडायचे त्याचे नियमसुद्धा टेकलाईव्हमध्ये आहेत, त्यामुळे ओळी वेड्यावाकड्या तुटायच्या नाहीत.

फॉन्ट निवडताना एक बघा. फॉन्टला भाषा मराठी आहे असं स्पष्ट सांगायचं, लिपी देवनागरी एवढ्यावर थांबायचं नाही. नाहीतर "ल" आणि "श" हिंदी वळणाचे येतात, आणि संस्थेचे जुने चिटणीस बरोबर तेच लाल पेनानं गोल करून परत पाठवतात, माझा अनुभव आहे. आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट फुकट आहे, त्यानं सुरुवात करा. "वाऱ्यावर", "कऱ्हाड" असले शब्द आधी टाईप करून बघा, ऱ्या नीट आला तर पुढं जा.

श्रीलिपीतला जुना मजकूर मात्र तसाच चिकटवून चालणार नाही, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला, चुका तिथंच होतात. कन्नड मजकूर नुडी ह्या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात आला असेल तर त्याचंही तेच, संस्थेला सरळ सांगा की युनिकोडमध्येच द्या. नाहीतर टायपिंगचा दर वेगळा लावा.